शेवटचा बोल्ट

लोखंड कसंही घासा, ते निमूट सोसतं. प्लास्टिकची मर्जी मात्र सांभाळावी लागते. महिनाभर मी अप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी जीप अंगणात खोलून बसलोय. आज इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणानं जीव नकोसा केला. तेलाचा काळा थर नखानंही हलेना. "कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घ्या, मऊ ब्रशनं घासा," असं बायको दोनदा सांगून गेली. पण एवढा धीर कुणाला? मी थिनरचा बोळा फिरवला.

पहिल्याच हातात काळं निघालं आणि खाली मार्करनं लिहिलेली ओळ दिसली, 'हा बोल्ट शेवटी'. पुढे बाण. अक्षर अप्पांचंच. बाण कुठं जातो ते नीट दिसावं म्हणून दुसरा हात मारला, तर ओळ, बाण, सगळं बोळ्यावर उतरलं. झाकणही पांढरट पडलं.

सकाळपासून ज्याला शिव्या घालत होतो, त्या तेलानंच इतकी वर्षं ती ओळ सांभाळली होती. काय पुसतोय हे कळायच्या आत आपला हात फिरून गेलेला असतो. आता समोर चार बोल्ट, चारही सारखेच.

अप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. हल्ली सकाळी काय खाल्लं तेही त्यांना आठवत नाही. तरी विचारलं, "अप्पा, या झाकणाचा शेवटचा बोल्ट कुठला हो?"

"मला कशाला विचारतोस?" अप्पा वैतागले. "विसरीन म्हणून तर तिथं लिहून ठेवलंय. वाच की!"