झेंड्याची पेटी

रविवारी दुपारचं जेवण झालं की भालचंद्र तांबट डाव्या कुशीवर अर्धा तास पडतात. चाळीस वर्षांची सवय आहे. झोप लागतेच असं नाही. डोळे मिटलेले असतात, कान जागे असतात, आणि शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आज मात्र त्यांना झोप नकोच आहे. साडेचारला उर्मीचा फोन यायचा आहे, आणि त्याआधी काय बोलायचं ते ठरवायचं आहे.

उर्मी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, उर्मिला. जर्मनीत शास्त्रज्ञ आहे. वायू इतके थंड करते की त्यांचं पाणी होतं, असं तांबट सगळ्यांना सांगतात. त्यापुढचं त्यांनाही कळत नाही. गेल्या रविवारी ती म्हणाली होती, "बाबा, बुधवारी मी इकडचं नागरिकत्व घेतेय. आपला पासपोर्ट परत द्यावा लागेल. इतकी वर्षं टाळत आले. पण कुणासाठी धरून ठेवू? माझ्या बाळंतपणाला आईसुद्धा आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला काही म्हणायचं असेल तर पुढच्या रविवारी सांगा."

गुडघे ठणठणीत होते. प्रमिला, तांबटांची बायको, दळणाचा डबा घेऊन तीन मजले न थांबता चढायची. तिचा पासपोर्ट तांबटांनी लपवला होता. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस आत्ता डाव्या कुशीवर पडला आहे. प्रमिलाला जाऊन सव्वातीन वर्षं झाली. तिलाही ते कधी कळलं नाही.

पहिली शिट्टी होते. दुसरी होते. तिसरी सुरू होते आणि थांबतच नाही.

गॅस बंद करायला हवा म्हणून तांबट उठतात. स्वयंपाकघरात कुकर नाही. ओट्याशी प्रमिला पाठमोरी उभी आहे. अंगावर प्रवासासाठी घेतलेली जांभळी साडी, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. विमानतळावर फार चालावं लागतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने ते घेतले होते. महिनाभर संध्याकाळी गच्चीवर ती ते घालून फेऱ्या मारायची. नवे तळवे चिर्र चिर्र वाजायचे.

तिच्यापुढे एरंडेलाचा दिवा आहे, त्यावर पितळी ताटली पालथी धरलेली. बाळासाठी ती काजळ धरते आहे.

"झोपला नाहीत?" ती न वळता विचारते.

"नाही."

"बरं झालं. अहो, माझा पासपोर्ट बघितलात का?"

तांबट दारातच थांबतात. ही मेली आहे हे त्यांना माहीत आहे. तरी भीती त्याची नाही. हिला कळेल याची आहे.

"नाही बघितला," ते म्हणतात. तेव्हाही हेच म्हणाले होते.

ती ताटली उचलून बघते. काजळी पुरेशी धरलेली नाही, म्हणून परत ठेवते. "कपाटात बघितलं, गादीखाली बघितलं, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातला. आता कुठली जागा राहिली हो?"

एक जागा राहिली आहे. पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे, सोसायटीच्या झेंड्याची. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायचं काम तेवीस वर्षं तांबटांकडे आहे. आंघोळ केल्याशिवाय त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, आणि आंघोळ करूनही त्यांच्याशिवाय कुणी लावायचा नाही, हा त्यांचा नियम. प्रमिलाने तो कधी मोडला नाही. केर काढतानाही पेटीभोवतीनं काढायची.

पाणी घ्यायला ते नळाकडे वळतात. नळाच्या जागी निळी ज्योत आहे, भर्र आवाज करणारी. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या खोलीतली ज्योत. तेहतीस वर्षं ते तिथे काच फुंकत होते. शास्त्रज्ञांना हवी तशी नळी, हवा तसा फुगा, कधी एकात एक तीन भांडी. त्यांनी जोडलेल्या काचेतून हवा आत येत नसे, असं त्यांचं नाव होतं.

मागे बूट वाजतात. चिर्र. चिर्र. जिवंतपणी प्रमिला या खोलीत कधी आली नव्हती. आता ती वरच्या फळीकडे मान करून उभी आहे. फळीवर काचेच्या वस्तू ओळीने आहेत, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी.

"हे काय?"

"संशोधन करणाऱ्या पोरांनी करायला सांगितलं आणि न्यायच्या आधीच निघून गेले, त्यांचं सामान."

"हा कोण?"

"अमेरिका. दोन वर्षांत येतो म्हणाला."

"आणि हा?"

"कॅनडा. तोही दोनच म्हणाला."

"सगळे दोनच म्हणतात. आणि दर वेळी त्यांनी निघताना वाटलेला पेढा तुम्ही खाल्लात."

"खाल्ला. पाठ वळल्यावर शिव्याही दिल्या. इथल्या काचेवर शिकायचं आणि उजेड तिकडे पाडायचा."

प्रमिला हसते. तिचं हसू तसंच आहे, तोंडावर पदर धरून. "उर्मीला बक्षीस मिळालं तेव्हा पेपरात आलं होतं, पुण्याच्या कन्येनं जर्मनीत झेंडा लावला म्हणून. सेक्रेटरी मोडकांनी सोसायटीत पेढे वाटले. तुम्ही दार लावून बसलात."

"आपला झेंडा कसला त्यात? फळ त्यांच्या अंगणात पडलं, आणि आपण कोय वाजवत बसायचं."

"हं. तुमच्यापुढे कोण बोलणार."

ती एक फुगा खाली काढते. चिठ्ठीवर उर्मीचं नाव आहे. तांबटांना आठवत नाही हा त्यांनी कधी केला. ती तो कानाशी धरून ऐकते.

"अहो, कुणी हात न लावता काच तडकते ती कशी?"

"घाईनं थंड केली की ताण आत राहतो. वरून दिसत नाही. मग कधीतरी फळीवर ठेवल्या ठेवल्या जाते." बोलताना त्यांचा आवाज बारीक होतो. "ठेव ते खाली, प्रमिला."

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, असं म्हणाला होतात तिला."

"रीतच आहे ती. तिनं यायला हवं होतं."

"सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला विमानात बसू नका सांगितलं. मग मी निघाले. माहेर म्हणजे मीच होते ना? निघालेच होते की."

फळीवर कुठेतरी बारीक टक् होतं. मग दुसरं. तांबट कानांवर हात ठेवतात, आणि हात काढतात तेव्हा ते काचेच्या खिडकीमागे स्टुलावर बसलेले आहेत. अंगात प्रयोगशाळेचा खाकी कोट, हातात शिक्का. समोर रांग आहे. प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचा पुडा आहे. लांब, एका बंद दारामागे कुणीतरी कण्हतं आहे. तो आवाज ते ओळखतात.

चिर्र. चिर्र. रांगेतून प्रमिला खिडकीशी येते. काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा, हातात काजळाची चांदीची डबी. ती त्यांच्याकडे बघते आणि ओळखत नाही.

"पासपोर्ट?" तांबटांचं तोंड आपोआप विचारतं.

"तोच सापडत नाही हो, साहेब. आज अकरावा दिवस."

"मग जाता येणार नाही."

"आमचे हेसुद्धा शोधतायत. सगळ्या गाद्या उलट्या केल्या बिचाऱ्यांनी. दोन दिवस धड जेवले नाहीत." ती खिडकीच्या फटीशी वाकते आणि आवाज खाली आणते. "त्यांना सांगू नका, पण मीच कुठेतरी टाकला असणार. पोरीला तसं सांगायची लाज वाटली. शास्त्रज्ञ आहे ती, म्हणेल आई वेंधळी. म्हणून म्हटलं, गुडघे दुखतात."

दारामागून उर्मीचा आवाज येतो. "आई आली का?"

"आलेच गं," प्रमिला म्हणते, आणि साहेबांकडे बघत तशीच उभी राहते.

जा, असं तांबटांना म्हणायचं आहे. ते तोंड उघडतात तर श्वास बाहेर जातो, शब्द जात नाही. काचेवर वाफ धरते. ते जीव खाऊन शिक्का उचलतात आणि मारतात. खाली कागद नाही. लाकडावर नुसता आवाज होतो. उर्मी पुन्हा विचारते, आता ओरडून. ते पुन्हा मारतात. काच वाफेनं पांढरी होते आणि पलीकडची जांभळी साडी दिसेनाशी होते. तळहातानं ते काच पुसतात.

पलीकडे सोसायटीचं अंगण आहे. ऊन पडलं आहे. सगळी मंडळी इस्त्रीचे कपडे घालून ओळीत उभी आहेत. तांबट खांबाशी आहेत, दोरी त्यांच्याच हातात. वर झेंड्याची घडी बांधलेली आहे. दर वेळी ते घडीत गुलाबाच्या पाकळ्या घालतात आणि गाठ अशी मारतात की एका झटक्यात सुटावी. ही गाठही त्यांनीच मारली आहे. आत पाकळ्यांबरोबर काय आहे तेही त्यांना ठाऊक आहे.

"ओढा, तांबट," मोडक म्हणतात. "लोक ताटकळलेत."

"आज राहू द्या."

"राहू द्या कसं? देशाचा दिवस आहे. तुम्हीच तर आम्हाला दरवर्षी ऐकवता."

पहिल्या ओळीत पांढरे बूट आहेत. तांबट वर बघत नाहीत, बूटच बघतात. दोरी ते दोन्ही हातांनी घट्ट धरतात, की हलू नये. तरी ती हातातून सरकते. तळवे भाजतात. वर गाठ सुटते. पाकळ्या पडतात, हळूहळू, आणि त्यांच्यामधून निळ्या रंगाचं एक पुस्तक थेट खाली येतं आणि त्या बुटांपाशी पडतं.

राष्ट्रगीत सुरू होत नाही.

प्रमिला वाकते, गुडघ्यावर हात न ठेवता. पुस्तक उचलते, पदराने पुसते, उघडते. आपला फोटो बघते. बाकीची पानं एकेक करून उलटते. सगळी कोरी आहेत. तांबट वाट बघतात की ती ओरडेल. ओरडावं तिनं. चार माणसांत काय वाटेल ते बोलावं.

"म्हणजे घरातच होता," ती म्हणते.

एवढंच. मग ती चालत येते. चिर्र. चिर्र. चालता चालता डबीचं झाकण काढते, तर्जनी काजळात बुडवते. तांबट मागे सरतात. पाठीला खांब लागतो.

"प्रमिला, नको."

"एवढं काय घाबरता?"

"मला वाटलं पंधरा दिवस लपवावा. तिकिटाची तारीख टळली की परत ठेवू. तू गेली नाहीस तर ती येईल, असं वाटलं. एकदा आली की राहील. आपलं माणूस आपल्याकडे—" श्वास पुरत नाही. "मग तू सात महिन्यांत गेलीस. मी कधी सांगणार होतो?"

"बाळाला तीट लावायची राहिली होती," ती म्हणते. तिनं काही ऐकलं की नाही ते कळत नाही. "फोनमध्ये कशी लावणार? काचेला लागायची."

ती बोट पुढे करते. ते डोळे मिटतात. डाव्या गालावर बोट टेकतं आणि इतकं गार लागतं की त्यांचे दात वाजतात. उर्मी वायूंचं पाणी करते ते एवढंच गार असेल. बोट थोडा वेळ तिथेच राहतं.

"फोन वाजतोय," प्रमिला म्हणते. "घ्या."

फोन वाजतो आहे. तांबट पलंगावर आहेत, डाव्या कुशीवर. साडेचार वाजून दोन मिनिटं झाली आहेत. शेजारच्या घरात कुकरची वाफ सुटते आहे. फोन उशाशी असूनही त्यांना पटकन सापडत नाही. पडद्यावर उर्मी येते. केस ओले आहेत, मागे खिडकीत तिकडचं ऊन.

"बाबा, झोपला होतात? थांबा, गालाला काय लागलंय तुमच्या?"

"कुठे?"

"डाव्या. काळं काहीतरी. गोल."

ते बोट लावून बघतात. बोट काळं होतं. अंगठ्यावर घासलं तर तेलकट लागतं. वळून ते उशीकडे बघतात. डावा गाल इतका वेळ त्या उशीवर होता, आणि सकाळी बदललेला अभ्रा पांढरा स्वच्छ आहे. चांदीची डबी देवघरात आहे, प्रमिलाने दोरा गुंडाळून ठेवली होती तशीच. इथून दिसते. दोरा सुटलेला नाही.

"बाबा? बुधवारचं सांगणार होता ना तुम्ही? नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मला चालेल. पण काहीतरी बोला."

तांबट फोन हातात धरून जमिनीवर बसतात, पलंगाखाली हात घालतात आणि पत्र्याची पेटी बाहेर ओढतात. आंघोळ सकाळची झालेली आहे.

"उर्मी," ते म्हणतात, "तुझ्या आईचे गुडघे दुखत नव्हते."