आप्पांच्या सोप्यातली पुराणं

वाद घालणाऱ्या माणसांचं एक बरं असतं. वाद कुणीच जिंकत नाही, म्हणून तो संपत नाही. आणि संपत नाही म्हणून किस्से साठत जातात! आमचे असेच साठले, नव्वदच्या दशकात, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, आप्पांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या बाहेरच्या खोलीत बसून.

आप्पा म्हणजे गारगोटीकडचे रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. दर रविवारी सकाळी नऊला पोथी उघडायचे. ऐकायला आम्ही तिघं, एकाच हायस्कूलमधले : इतिहासाचे कांबळे सर, गणिताच्या मगदूम बाई आणि लायब्ररी सांभाळणारी मी. आप्पांच्या मते पुराणात लिहिलंय ते सगळं घडलेलं. कांबळे सरांच्या मते ती माणसांनी रचलेली गोष्ट, आणि गोष्ट म्हणून झकास! काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, चहा देऊन आत जायच्या. वादात कधी पडल्या नाहीत.

*

एकदा आप्पांनी रंकाळा तळ्याकाठच्या नंदीचं सांगितलं. हा नंदी म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा पाण्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी पाण्याला टेकेल, त्या दिवशी प्रलय!

मगदूम बाईंनी लगेच पेन काढलं. "आप्पा, तांदूळ कुठला धरायचा?"

"तांदूळ म्हंजे तांदूळ की!"

"तसं कसं? बासमती धरला तर दाणा गव्हापेक्षा लांब. मग नंदी उलटा गावात यायला लागलाय!"

पुढच्या रविवारी आप्पा पोथी उघडायच्या आधीच म्हणाले, "मी घरात दाणे लावून बघितलं. आपल्याकडं आजऱ्याचा घनसाळ तांदूळ खात्यात. आखूड हाय. प्रलय हुणार!"

केवढं समाधान होतं चेहऱ्यावर!

*

मगदूम बाई जैन. एका रविवारी रावणाची दहा तोंडं निघाली, तर बाई म्हणाल्या, "आमच्या रामायणात रावणाला एकच तोंड. लहानपणी त्यानं नऊ रत्नांचा हार घातला, त्या रत्नांत त्याचं तोंड नऊ वेळा दिसलं. म्हणून नाव पडलं दशमुख."

आप्पांना ते जरा पटल्यासारखं झालं. पण बाई थांबल्या नाहीत. "आणि आमच्यात रावणाला मारतो लक्ष्मण."

"आँ? मग आमचा राम काय करत हुता?"

"मोक्षाची तयारी!"

आप्पांनी पोथी मिटली. त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही. पण नंतर कळलं, रात्री नातीला त्यांनी दहा तोंडांऐवजी हाराचीच गोष्ट सांगितली होती. विचारलं तर म्हणाले, "पोरगी दहा तोंडांना भ्यायली असती!"

*

कांबळे सरांच्या घरी वडिलांपासून बौद्ध धर्म. आप्पांकडं आलेल्या एका पाहुण्याला त्यांचं तिथं बसणं खटकलं.

"सर, तुमी तर ह्यातलं काय मानत न्हाई. मग ऐकताय कशाला?"

सर शांतपणे म्हणाले, "मानत नाही म्हणून तर शेवटपर्यंत ऐकतो. मानणारे नमस्कार करून मधेच उठतात!"

सगळ्यात मोठ्यानं आप्पाच हसले.

*

टेंबलाईचा किस्सा मात्र नुसता हसण्यावारी गेला नाही.

अंबाबाईनं कोल्हासुराला मारल्यावर देवांची जेवणावळ झाली. त्र्यंबोलीला, म्हणजेच टेंबलाईला, बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि कोल्हापूरकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर नवरात्रात पंचमीला अंबाबाई स्वतः तिला भेटायला जाते. आप्पांनी हे अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

आम्हाला एक गोष्ट माहीत होती. लेकीच्या लग्नात आप्पांच्या धाकट्या भावाला पत्रिका द्यायची राहिली होती. भाऊ गगनबावड्याला. सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

कांबळे सर हळू म्हणाले, "आप्पा, हे खरंच घडलं म्हणता?"

"व्हय. अक्षरन्‌अक्षर!"

"म्हणजे चूक झाली तर देवीसुद्धा आपल्या पायांनी जाते. मग तुम्ही कधी जाणार?"

आप्पा उठून आत गेले. आता सरांशी बोलणं तोडतात की काय, अशी मला धास्ती!

पुढच्या रविवारी दाराला कुलूप. सोमवारी आप्पा स्वतः शाळेत आले, हातात मधाची बाटली.

"गेलतो. भावानं दिलाय."

"रुसले नव्हते ना?" मी विचारलं.

"जेवाय वाढलं, आन धा मिनटं माझ्याकडं पाठ करून बसला! मग म्हणाला, भात निवतोय, जेव."

*

आप्पांच्या हार्टचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. सकाळी आठला त्यांना आत नेलं. काकू थिएटरच्या दाराशी बाकावर बसल्या. मी आणि कांबळे सर सोबतीला. चहा आणला, काकूंनी घेतला नाही. नर्सनं तिकडं पंख्याखाली बसा म्हणून सांगितलं. "हितंच बरी हाय," एवढंच. दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले आणि "सगळं व्यवस्थित" म्हणाले, तेव्हा काकू उठल्या. पायांना मुंग्या आल्या होत्या, माझा खांदा धरावा लागला.

पाचव्या दिवशी भेटायला गेलो, तर आप्पा उशीला टेकून बसलेले. आवाज बारीक, पण वाद तोच!

"कांबळे, आता तरी कबूल करा. सावित्रीनं यमाला माघारी धाडलं, ते खरंच हाय!"

सर काकूंकडं वळून म्हणाले, "काकू, इतकी वर्षं वडाची पूजा केलीत. तुम्हीच सांगा. खरं की गोष्ट?"

काकू मोसंबं सोलत होत्या. एक फोड आप्पांच्या हातात दिली.

"यम आलता का न्हाई, मला काय ठावं? मी दारातनं हलले न्हाई, येवढं खरं."