रांगोळीचा बाण

दूध घरच्या गाईचं असलं तरी मी त्यात बोट बुडवून बघते. भाजीवाल्याच्या काट्याकडं माझी नजर आधी जाते, भाजीकडं नंतर. नवरा म्हणतो, "तुला देव भेटला तरी त्याचं आधार कार्ड मागशील." मागेन की. त्यात काय चुकलं?

म्हणूनच माघातल्या एका सकाळी आमच्या बांधावरच्या बाभळीला केशरी फीत बांधलेली दिसली तेव्हा मी जागच्या जागी थांबले. थोडं पुढं दुसरी फीत होती, तिच्याही पुढं तिसरी. आणि खाली मातीवर पांढऱ्या फक्कीनं काढलेला बाण, सरळ आमच्या बांधाकडं तोंड केलेला. आमच्याकडं शेतात फक्की पडते ती मोजणीच्या वेळी. माझ्या मनात पाल चुकचुकली.

या बांधाचं सांगायला हवं. मीना नदीच्या काठाला आमचा ऊस आहे आणि त्याच्या पलीकडं चुलत दिराचं रान. मधला बांध आमच्या वाटणीचा. त्यावरून ट्रॅक्टरला रस्ता मिळावा म्हणून चुलत दिरानं जुन्नरला तहसील कचेरीत अर्ज केला होता. महसूल खात्याचे सर्कलसाहेब पाहणीला आले, चहा प्याले आणि पंचनाम्यात लिहून गेले, 'येथे वहिवाट दिसून येत नाही.' म्हणजे इथून लोकांची नेहमीची ये-जा नाही. अर्ज फेटाळला गेला. ते वाक्य मला तोंडपाठ आहे. त्याच्या जोरावर आमचा बांध राहिला आणि त्याला लागून असलेल्या उसाच्या दोन सऱ्याही राहिल्या. दोन घरांतलं बोलणं मात्र तेव्हापासून बंद पडलं.

सवलत होती फक्त एकीला, चुलत दिराच्या मुलीला. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायची, आणि धावायची ती आमच्या बांधावरूनच. उसात बिबट्याची भीती, म्हणून ती येण्याच्या वेळेला मी बॅटरी घेऊन गोठ्यापाशी उभी राहायचे. "काकू, चालले." "पळ." एवढंच आमचं बोलणं. तिचे पाय मी वहिवाटीत धरत नव्हते.

फितींचं नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "रविवारी नदीकाठानं मॅरेथॉन हाय. आंबेगावच्या बाजूनं निघणार, आपल्या गावात संपणार. चौघाचौघांचे संघबी हायेत. एकानं पळायचं आन् मनगटातला पट्टा दुसऱ्याला द्यायचा."

त्यानं मोबाईलवर नकाशा दाखवला. लाल रेघ नदीच्या कडेनं वळणं घेत येत होती. ओढ्याच्या अलीकडं तिनं काठ सोडला आणि थेट आमचा बांध धरला. जी वाट सरकारला दिसली नव्हती, ती मोबाईलला दिसली होती.

"ही रेघ कुणी काढली?"

"काढली असंल त्या पुण्याच्या लोकांनी."

"पुण्याच्या लोकांना आपला बांध काय ठावं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. रविवारी शेकडो पाय बांधावरून जाणार, फोटो निघणार, नकाशा छापला जाणार, आणि चुलत दीर ते सगळं पिशवीत घालून पुन्हा जुन्नरला जाणार. किती हुशारीनं केलं त्यानं! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरगी नेहमीसारखी आली, पण आज पुढं गेली नाही. कमरेवर हात ठेवून दम घेत म्हणाली, "काकू, एक इचारायचं व्हतं."

बापानं पाठवली, मी मनात म्हटलं. गोड बोलून माझ्याकडून हो वदवून घ्यायला.

"पळ तू. उशीर होतोय," मी म्हणाले, आणि बॅटरी बंद केली.

शनिवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले तशी मी बांधावर गेले. फिती सोडल्या आणि ओढ्याकडच्या झुडपांना बांधल्या. तिकडूनही गावात जाता येतं, फक्त गुडघाभर पाणी आणि चिखल तुडवावा लागतो. फक्कीचा बाण पायानं पुसला. नवा बाण काढायला फक्की कुठली आणायची? घरातून रांगोळीचा डबा आणला. चिमटीनं रेघ ओढली, टोक काढलं. त्यांचा बाण मळकट आणि फताडा होता, माझा पांढराशुभ्र आणि रेखीव. सवयीनं टोकाशी एक ठिपकाही दिला गेला. दाराशी रोज काढते ना, हाताला वळण पडलंय.

रविवारी उन्हं वर आल्यावर एकेक जण यायला लागला. मी खुरपं घेऊन बांधावरच बसले होते. सगळे बाण बघून ओढ्याकडं वळत होते. पुण्याच्या मंडळींना चिखल फार आवडला. ओरडत, हसत, एकमेकांचे फोटो काढत ते पाण्यातून गेले. मला गंमत वाटत होती. जिंकल्यासारखंच वाटत होतं म्हणा ना.

मग ती आली. गावातल्या तीन मुलींबरोबर तिनं संघ केला होता आणि शेवटचा टप्पा तिचा होता. मनगटात पट्टा, केस घामानं चिकटलेले. तिच्या मागं, हाकेच्या अंतरावर दुसऱ्या एका संघाची बाई होती. पोरगी सवयीनं बांधाकडं वळली, दोन पावलं टाकली आणि थांबली.

तिनं बाणाकडं पाहिलं. टोकाशी दिलेल्या ठिपक्याकडं पाहिलं. लहानपणी दिवाळीत माझ्या शेजारी बसून ती रांगोळीत रंग भरायची, माझा हात तिला ओळखू येणारच. मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसती मान हलवली, मोठ्या माणसाचं ऐकल्यावर हलवतात तशी, आणि ओढ्यात उतरली. मागची बाई पाण्यातच तिच्या पुढं गेली.

दुपारी आयोजकांपैकी टोपीवाली एक बाई आमच्या दारात आली. मी भांडायच्या तयारीतच होते.

"शेवटच्या खुणा कुणीतरी बदलल्या," ती म्हणाली.

"वाऱ्यानं उडाल्या असतील."

"असतील," ती हसली. "खरं तर आम्ही तुमचे आभार मानायला आलो होतो. शेवटच्या टप्प्याचा हा मार्ग आम्हाला तुमच्या पुतणीनं दिला. इथली ही लाल रेघ तिच्या रोजच्या धावण्याची, तिच्याच मोबाईलमधली. काठ सोडून इथं कशाला वळायचं, असं आम्ही विचारलं. तर म्हणाली, तिथं बिबट्याची भीती नाही, काकू उभ्या असतात. परवानगीचं मीच काकूंना विचारते म्हणाली. विचारलं ना तिनं?"

"विचारलं," मी म्हणाले.

बाई गेल्यावर मी चुलीपुढं जाऊन बसले. लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बॅटरी घेऊन उभी राहिले. ती आली नाही. आता ती डांबरी रस्त्यानं धावते, उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेनं. एकदा मी तिच्या घरापर्यंत गेले. चुलत दीर ओट्यावर बसला होता. ही कशाला आली, हा संशय त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसला. तसं तोंड मी रोज आरशात बघते. तशीच परत फिरले.

बॅटरी घेऊन अजून उभी राहते. नवरा विचारतो, कशाला? गाईसाठी म्हणते. बांधावर आता गुडघाभर गवत वाढलंय. उद्या सर्कलसाहेब पुन्हा पाहणीला आले, तर त्यांना पूर्वीचंच वाक्य लिहावं लागेल.