स्ट्रेचरचा चौथा दांडा

बल्लारपूरच्या उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसला टेकला की आमचे फादर मरियादास म्हणतात, "थंडी पाहाले फौजेत गेलो होतो भाऊ मी. पोटभर पाह्यली." एवढं बोलून ते कॅरमच्या सोंगटीकडे वळतात. पुढची गोष्ट त्यांच्याकडून काढायला मला तीन उन्हाळे लागले.

त्यांचे वडील करीमनगरकडून इथल्या कोळसा खाणीत मजुरीला आले. घरात तेलुगू, गल्लीत आपली मराठी. पोरगा फादर झाला, एटापल्लीकडच्या गावांत सायकलवर फिरला आणि बत्तिसाव्या वर्षी सैन्यात ख्रिस्ती जवानांचा धर्मगुरू म्हणून भरती झाला. काम काय, तर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायची, जवानांची पत्रं लिहून द्यायची आणि ज्यांच्या बायका रुसल्यात त्यांना धीर द्यायचा. तंबूत सोबतीला पलटणीचे पंडितजी, कुमाऊंचे हरिदत्त जोशी. चहाचा पहिला कप कुणाचा, यावरून दोघांचं रोज सकाळी भांडण.

१९९९च्या जूनमध्ये पलटण कारगिलला गेली. फादरांना खाली तळावरच थांबायचं होतं. पण वरच्या चौकीतल्या झारखंडच्या पोरांचा निरोप आला की तीन रविवार झाले, मिस्सा नाही. मग एका दुपारी रसद नेणाऱ्या तुकडीसोबत फादरही चढायला लागले.

"वजन किती होतं तेव्हा?" मी विचारलं.

"ब्याऐंशी किलो. दर दहा पावलांवर देवाले सांगत होतो, बाबा, थोडं थांब."

अर्ध्या वाटेवर तोफेचे गोळे पडायला लागले. सगळे खडकांमागे लपले. "मले एकही प्रार्थना आठवली नाई," फादर म्हणाले. "लहानपणापासून पाठ होतं ते सारं पुसून गेलं. पॅन्ट ओली झाली. हेबी लिहून घे."

"राहू द्या ना फादर."

"काऊन राहू द्या? लिही."

तेवढ्यात वरून एक स्ट्रेचर उतरताना दिसलं. गोळ्याचा तुकडा लागून ते उचलणाऱ्या चौघांपैकी एकाची मांडी फाटली. स्ट्रेचर उघड्या उतारावर कलंडलं. रसदीच्या तुकडीतल्या दोघा जवानांनी धावत जाऊन त्या मांडी फाटलेल्याला खडकामागे ओढलं, पण स्ट्रेचरला आता तीनच माणसं उरली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "पादरी साहब, नीचे रहो!" फादर सांगतात, तोवर त्यांचे पाय त्यांना न विचारताच निघाले होते. त्यांनी चौथा दांडा धरला. पुन्हा गोळे सुरू झाले. धूळ, दगड, धावपळ. चौघं एका कपारीत शिरले तेव्हा फादरांच्या एका पायात बूट नव्हता.

स्ट्रेचरवर बेनेदिक कुजूर होता, बावीस वर्षांचा उरांव आदिवासी जवान. तोंड तोफगोळ्याच्या धुराने काळंठिक्कर. दोन्ही मुठींनी डोळे चोळत तो ओरडत होता, "खन्न! खन्न!"

"खाना माँग रहा है," एक जण म्हणाला.

वेदनेत त्याला हिंदी सुचत नव्हती, घरची कुडुख बोली तोंडात आली होती. फादरांना कुडुख येत नव्हती. पण ती तेलुगूच्याच कुळातली, आणि त्यांची आई डोळ्याला तेलुगूत 'कन्नु' म्हणायची. त्यांनी झडप घालून बेनेदिकचे हात धरले. "आँख! इसकी आँखें जल रही हैं! पानी दो!"

कुणाच्याच बाटलीत थेंब नव्हता. फादरांच्या छातीशी, कोटाच्या आत, मिस्सेसाठी आणलेलं पवित्र पाणी होतं. बेनेदिक लाथा झाडत होता. फादर सरळ त्याच्या हातावर बसले आणि बारीक धारेनं त्याचे डोळे धुतले. मग स्वच्छ रुमाल बांधला, आणि पुन्हा चोळू नये म्हणून त्याचे हात त्याच्याच पट्ट्यानं जखडले. "माफ कर रे बाबू," असं म्हणत म्हणत खालपर्यंत नेलं.

डावा डोळा गेला. उजवा राहिला. डॉक्टर म्हणाले, तो अजून चोळत बसला असता तर दोन्ही गेले असते.

संध्याकाळी पंडितजींनी विचारलं, "अब रविवार को क्या छिड़कोगे?" आणि उत्तराची वाट न पाहता आपली गंगाजलाची बाटली पुढे केली. फादरांनी त्या पाण्यावर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि रविवारी चौकीवर पोचून मिस्सा केली. "पोराईले सांगतलं नाई," ते हसतात. "पंडितजीले मात्र दुसऱ्या दिवसापासून पहिला कप."

सैन्यानं प्रशंसापत्र दिलं. ते कुठे ठेवलंय, हे फादरांनाही आठवत नाही.

मागच्या वर्षी बेनेदिकच्या मुलीचं झारखंडात गुमल्याजवळ लग्न झालं. लग्न लावायला फादरच हवेत, असा त्याचा हट्ट. गेले. लग्न लागलं, मांदर ढोल घुमायला लागला आणि बायकांनी फादरांना ओढून नाचाच्या रांगेत घेतलं. तिसऱ्या फेरीत त्रेसष्ट वर्षांचा घोटा मोडला.

"लढाईत खरचटलं नाई, अन् लग्नात प्लास्टर!" समोरचे सायकलवाले शफीभाई पोट धरून हसले. पण महिनाभर त्यांची बायको जरीना रोज दुपारी बकऱ्याच्या पायांचं सूप पाठवत होती. हाडं जुळतात त्यानं. फादर व्हरांड्यात पाय खुर्चीवर ठेवून ते भुरकत, आणि भांडं परत न्यायला जरीनाची लेक गुड्डी आली की तिच्या हाती निरोप देत, "आईले सांग, उद्या मिरी थोडी जास्त."