टाकळकर डॉक्टरांनी नाकारलेला सल्ला

श्रीधर टाकळकर हे पेशंटच्या तोंडाकडे बघून औषध देणारे डॉक्टर. शहरात शहागंजच्या मागच्या गल्लीत एका संस्थेचा एचआयव्हीचा दवाखाना होता, तिथं त्यांची कितीतरी वर्षं गेली. वडील वैजापूरला तहसीलमध्ये कारकून होते, त्यामुळे खेड्यातल्या माणसांशी बोलायची सवय लहानपणापासूनची. विहिरीला पाणी आहे का, पोरीची शाळा कुठवर आली, हे आधी विचारायचं आणि आजाराचं मग. लोकांचा त्यांच्यावर जीव होता.

दुष्काळाच्या त्या साली दवाखान्यात एक नवा प्रोग्रॅम आला. रक्ताचे रिपोर्ट, वजन, पेशंट गोळ्या न्यायला कधी आला, हे भरलं की कॉम्प्युटर सुचवायचा, औषध तेच ठेवा किंवा बदला. निर्णय मात्र डॉक्टरांचा. सल्ला पटला नाही तर कारण लिहून पुढं जाता यायचं.

सुरुवातीलाच त्यानं कडुबा नावाच्या म्हाताऱ्याचं औषध बदलायला सांगितलं. टाकळकरांनी कडुबाला जवळ बसवून गोडीनं विचारलं, तेव्हा कळलं की तो गोळ्या नेत होता पण घेत नव्हता. सुनेला आजार कळेल म्हणून माळवदावर लपवत होता. औषध न बदलताच म्हातारा सुधारला. "यंत्राला माणूस कळत नाही," ते सोबतच्या तरुण डॉक्टर स्वरालीला म्हणाले. त्या वेळी ते खरंच होतं.

सरूबाई पिशोरची. नवरा याच आजारानं गेलेला. पावसानं सलग दगा दिला तेव्हा ती मुलीला, मोनिकाला घेऊन शहरात आली आणि बीड बायपासच्या नव्या इमारतींवर घमेली वाहू लागली. एक इमारत उभी राहिली की मुक्काम पुढच्या साइटवर, पत्र्याच्या खोलीत. तपासणीत तिच्या रक्तातले विषाणू वाढलेले निघाले.

"गोळ्या रोज घेता का?" टाकळकरांनी विचारलं.

"घेते की."

"खरं सांगा, सरूबाई. मी रागावणार नाही."

"खरंच सांगते, सायेब. टँकरपायी जेवण चुकतं, गोळी नाय चुकत. पाणी नसलं तर कोरडीच गिळते."

टाकळकर हसले. कडुबाही आधी असंच म्हणाला होता. त्यांनी तिला पुन्हा सगळं समजावलं आणि तीन महिन्यांनी रक्त तपासलं. विषाणू आणखी वाढले होते. पडद्यावर सल्ला आला: गोळ्या वेळेवर नेल्या आहेत, औषध निकामी झालेलं असू शकतं, बदला. टाकळकर थांबले. पुढची औषधं मोजकीच; ती आत्ताच उगाच वापरून टाकली तर उद्या हातात काय राहणार? शिवाय ही बाई आज या साइटवर, उद्या त्या. हिच्या गोळ्या कशा चुकणार नाहीत? त्यांनी सल्ला नाकारला आणि कारण लिहिलं: स्थलांतर, गोळ्या अनियमित.

"सर, तारखा तर सगळ्या बरोबर आहेत," स्वराली म्हणाली.

"नेणं वेगळं आणि घेणं वेगळं."

पुढच्या खेपेला पुन्हा तोच सल्ला आला. त्यांनी पुन्हा तेच कारण लिहिलं.

उन्हाळा संपता संपता मोनिका आईचा हात धरून दवाखान्यात आली. आईच्या डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचतात, म्हणाली. अंगातली रोगाशी लढायची ताकद तळाला गेली होती आणि संसर्ग थेट डोळ्यांच्या पडद्यावर चढला होता. उजवा डोळा गेला. डाव्याला नुसत्या सावल्या उरल्या. मग केलेल्या खास तपासणीत कळलं, की जुन्या गोळ्या तिच्या विषाणूवर चालतच नव्हत्या. ती त्या घेत होती, नेमानं.

औषध बदललं. मोनिकानं कॉलेज सोडलं. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर टाकळकरांनी सरूबाईला समोर बसवलं.

"चूक माझी झाली. कॉम्प्युटर औषध बदला म्हणत होता. मी ऐकलं नाही. तुमचंही नाही."

सरूबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्याला कसं कळलं मी गोळ्या घेते म्हून?"

"त्यानं फक्त तुमच्या तारखा आणि रिपोर्ट पाहिले."

"म्हंजी मला पायलंच नाय त्यानं."

"नाही."

"अन् तुमी पायलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर टाकळकरांना सोपं गेलं असतं. मोनिकानं आईच्या पायात चप्पल सरकवली आणि दोघी उठल्या.

पुढं सरूबाई वैजापूरला बहिणीकडं राहायला गेली आणि औषधही तिकडंच घेऊ लागली. वर्षभरानं मोनिकाचा स्वरालीला फोन आला, आईच्या रक्तात आता विषाणू सापडत नाहीत म्हणून. स्वरालीनं ते आनंदानं सांगितलं. टाकळकरांनी मान हलवली आणि विचारलं, "डोळ्यांचं काही?"

"नाही सर. ते तसंच आहे."

वैजापूरला एकदा सरूबाईला भेटून यायचं, असं ते अधूनमधून बोलून दाखवायचे. निवृत्त झाले, तरी गेले नाहीत.