मापातून सुटलेला ओटा

माझं माप चुकत नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. एकदाच चुकलं, तेही आमच्याच घराचं.

महापालिका जुन्या इमारतींसाठी नियम करत होती. कोणती घरं यादीत घ्यायची, त्यांत काय बदलायचं नाही, कशाला परवानगी लागेल, असा सगळा मसुदा. त्या घरांचे नकाशे काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. जुन्या शहरातलं आमचं भाड्याचं घरही यादीत होतं. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते तेव्हापासून आम्ही तिथंच आहोत. आई दुपारभर पुढच्या ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवते, गल्लीतल्या चार बायकाही तिथंच येऊन बसतात. ओट्याचा दगड खडबडीत, साडीचा धागा ओढला जातो, म्हणून गुळगुळीत फरशी बसवून द्या, असा तिचा घरमालकामागे कधीचा लकडा.

तयार नकाशा मी मोठ्या ऐटीत घरी आणला. आई शाळेत गेलेली नाही. पण तिनं कागदावर बोट फिरवून मोरी ओळखली, जिना ओळखला. उंबऱ्यापाशी बोट थांबलं, आणि तिनं आपल्या अहिराणीत विचारलं,

"मना ओटा कोठे शे?"

मी माप भिंतीपासून धरलं होतं. भिंतीबाहेर ते घराबाहेर, असंच शिकले होते.

"घर मोजं आनि बसानी जागाच सोडी दिनी?"

रस्ता रुंद करणाऱ्यांनी ओट्यावर आधीच लाल रेघ मारून ठेवली होती. नकाशात नाही म्हणजे अतिक्रमण. नवे नियम घर वाचवणार आणि आईची जागा तेवढी हातोड्याखाली जाणार, तीही माझ्यामुळे. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

हरकती-सूचना द्यायला अजून आठवडा होता. मी ओटा इंचाइंचानं मोजला, नकाशा नव्यानं काढला, सूचना लिहून दिली आणि सुनावणीला आईलाही घेऊन गेले. साहेब कागद बघत गुजरातीत म्हणाले, "ओटलो तो रोड पर छे, बेन."

"ना साहेब, घर ओटला पर छे," मी म्हटलं आणि नकाशा त्यांच्यापुढे फिरवला. पुढे आलेला वरचा मजला लाकडी खांबांवर, खांब ओट्यावर. ओटा काढला की यादीतलं घर तोंडावर आपटलं. मग पहिल्या नकाशात ओटा का नव्हता, असं त्यांनी विचारलं. माझी चूक, मी सरळ सांगून टाकलं.

शेवटी मंजूर झालेल्या नियमांत ओटा, पायऱ्या आणि खांब घराचाच भाग धरले गेले. ती ओळ मी आईला तीनदा वाचून दाखवली. आता परवानगीशिवाय ओट्याचा दगडसुद्धा बदलता येणार नाही, हेही समजावलं. तिनं मान डोलावली आणि ती कामाला लागली.

पुढच्या महिन्यात घरमालक मिस्त्री आणि नवी फरशी घेऊन हजर. आईचा लकडा एकदाचा कामी आला होता. फरशी अगदी तिला हवी तशीच गुळगुळीत होती. आई टिकल्यांचा डबा बाजूला सारून उठली, तिनं फरशीवरून दोनदा हात फिरवला. आता विरघळणार, असं मला वाटलं.

"पाछी लई जाव, भाई," फरशी मिस्त्रीकडे परत सरकवत ती म्हणाली. "कायदो ना पाडे छे." कायदा नाही म्हणतो, हे माझंच समजावणं तिनं त्याला गुजरातीत ऐकवलं.

मग गोधडी दुमडून तिनं त्याच खडबडीत दगडावर टाकली आणि पुढची साडी मांडीवर घेतली.