काकूंच्या हातचं मीठ

काकूंनी उभा जन्म एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केला. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण भाजी बिघडली तर "आज माझा हात चुकला" असं सगळ्यांदेखत सांगायच्या. निवृत्तीनंतर घरचं स्वयंपाकघरही त्यांच्याच ताब्यात राहिलं. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, त्यांना ते सोयीचंच होतं.

त्या हिवाळ्यात काकूंना जबर ताप आला. त्यातून त्या उठल्या आणि जेवण खारट होऊ लागलं. मुलगा गुपचूप भाजीत पाणी ओतायचा.

"आईला बोलू नकोस," तो बायकोला बजावायचा. "खचेल ती."

"म्हणून आपण मूग गिळून बसायचं?"

"होईल चार दिवसांत ठीक."

झालं नाही. एका रात्री जेवताना काकूंनीच विचारलं, "हल्ली दोघांची पोटं लगेच भरतात. बाहेर खाऊन येता की काय?"

मुलाने टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

"नाही, आई. भाजी फार खारट होते. बरेच दिवस झाले."

काकू ताटावरून उठून आत गेल्या.

"झालं समाधान?" मुलगा चिडून म्हणाला. सून ताट बाजूला सारून उठली. ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तापापासून मला चवच कळत नाही गं," काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या. "औषध काय, चहा काय, सगळं सारखंच. अंदाजाने मीठ टाकत होते. कुणी बोलत नाही म्हणजे जमतंय, असं वाटलं."

सून चपापली. इतके दिवस तिला वाटत होतं, म्हातारपणी हलगर्जीपणा वाढलाय. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मुलगा मागे येऊन उभा होता. "तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प होतो, आई."

"खाल्ल्या मिठाला असं जागतात होय रे?"

तो आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले.

चव परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून काकू रांधतात आणि मीठ सून घालते. भांडणं मिटली असं मात्र नाही. सुनेचा हात आखडता. परवा पहिल्याच घासाला मुलगा बिनधास्त म्हणाला, "अळणी आहे." सुनेने मिठाची बरणी त्याच्यापुढे आपटली. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि आणखी भाजी वाढून घेतली.